रेट्रोपेरिटोनियल फायब्रोसिस: बाबांच्या दोन्ही किडन्या अडल्या होत्या, कुणाला अनुभव आहे का?

चाफा_ऐरोली | ९ जून, रात्री ११:५०

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, लिहिते आज पहिल्यांदाच. मोठं होईल, सांभाळून घ्या.

बाबांचं वय ५८, रबाळ्याला एका कारखान्यात फिटर आहेत. दिवाळीपासून त्यांची कंबर दुखत होती. चमक भरल्यासारखं नाही, सतत ठसठस. रात्री आडवं झालं की वाढायचं, उठून बसलं की जरा बरं वाटायचं. आम्ही सगळ्यांनी ते कामाच्या माथी मारलं. एक्स-रेत मणक्यात थोडी झीज निघाली आणि कारण सापडलं असं वाटून आम्ही निर्धास्त झालो. पट्टा आला, शेक झाला, तेल झालं, पेनकिलर तर रोजचीच. वजन ७१ वरून ६३ वर आलं, तेही "हल्ली जेवणच कमी झालंय" म्हणून सोडून दिलं.

मेच्या शेवटी पाय सुजले. चपलेच्या पट्ट्याचे वळ पायावर तसेच राहायचे. आईच्या लक्षात आलं की हे दिवसातून जेमतेम एकदा-दोनदा लघवीला जातात. मग ओकाऱ्या सुरू झाल्या. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा आकडा) ७.२! सोनोग्राफीत दोन्ही किडन्या फुगलेल्या, पण खडा कुठेच नाही. त्याच रात्री दोन्ही बाजूंना डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनीत ठेवायच्या बारीक नळ्या, टाकले. पुढच्या २४ तासांत साडेपाच लिटर लघवी झाली. सिस्टर दर दोन तासांनी युरोबॅग मापाच्या भांड्यात रिकामी करायच्या आणि मी एका कागदावर आकडे लिहायचे. सहाव्या दिवशी क्रिएटिनिन २.१ वर आलं.

एमआरआयमध्ये लिहिलंय की महाधमनीभोवती २२ मिमी जाडीचा थर आहे आणि दोन्ही मूत्रवाहिन्या मधल्या बाजूला ओढल्या गेल्या आहेत. खाली शेवटी "रेट्रोपेरिटोनियल फायब्रोसिस?" असं प्रश्नचिन्हासकट. ईएसआर, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी, ९६ आहे. पुढच्या आठवड्यात बायोप्सी सांगितली आहे.

आता घरी अशी परिस्थिती आहे की बाबांना एकदम हुशारी वाटतेय. सूज उतरली, भूक लागते. म्हणतात, "नळी टाकली, रस्ता मोकळा झाला, आता बायोप्सी कशाला? सोमवारपासून कामावर जातो." आई माझ्याकडे बघते आणि मला काही सांगता येत नाही. हा कॅन्सर असतो का? स्टेंट हाच इलाज की अजून काही? नेमकं कुठल्या डॉक्टरांकडे जायचं?

निशिगंध_७ | १० जून, सकाळी ७:१५

वाचून काळजात चर्र झालं. बाबांना लवकर आराम पडो. माझ्या काकूंना लिव्हरचं फायब्रोसिस निघालं होतं, त्यांना भुईआवळ्याच्या काढ्याने फरक पडला. हवं तर वैद्यांचा पत्ता निरोपात देते.

पारसिक | १० जून, दुपारी २:४०

मी मूत्रपिंडतज्ज्ञ आहे, ठाण्यात काम करतो. तुमचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे बाबांच्या उपचारांचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. पण आजार समजून घ्यायला मदत नक्की करू शकतो.

आधी निशिगंधताईंच्या प्रतिसादाविषयी. तुम्ही आपुलकीने लिहिलंत, पण हा आजार यकृताचा नाही, दोन्हींत फक्त फायब्रोसिस हा शब्द सारखा आहे. क्रिएटिनिन अजून २.१ आहे. अशा किडनीला सध्या कुठलाही काढा नको आणि कंबरेसाठी चाललेल्या पेनकिलर तर अजिबात नकोत. चाफाताई, घरात उरलेल्या गोळ्या आजच बाजूला काढा.

आता आजार. आतडी ज्या पिशवीत असतात तिच्या मागे आणि पाठीच्या कण्याच्या पुढे एक जागा असते. किडन्या, मूत्रवाहिन्या, महाधमनी, मोठी शीर, सगळं तिथे. या आजारात किडन्यांच्या खाली महाधमनीभोवती दाह सुरू होतो. त्यातून चिवट, पांढरट, तंतुमय थर तयार होतो आणि महाधमनी दोन फाट्यांत विभागते तिथपर्यंत तो पसरतो. दोन्ही बाजूंच्या मूत्रवाहिन्या त्याच्या तावडीत सापडतात. लघवी वरून खाली यायला अडते, किडनी फुगते. पायांकडून येणारी शीर दाबली गेली की पाय सुजतात. पुरुषांत कधीकधी वृषण दुखतं, पण त्याचा पोटाशी संबंध असेल हे कुणाच्या मनातही येत नाही. एकच किडनी अडली असेल तर दुसरी काम ओढून नेते आणि क्रिएटिनिन बराच काळ ठीक दिसतं. म्हणून हा आजार उशिरा सापडतो. यात तुमची चूक नाही. पन्नाशीच्या फिटरची कंबर दुखली तर कुणीही आधी मणकाच बघेल.

१९०५ मध्ये पॅरिसमधल्या आल्बाराँ या मूत्ररोगशल्यविशारदाने हा आजार पहिल्यांदा नोंदवला. १९४८ मध्ये अमेरिकेत जॉन ऑर्मंड यांनी दोन रुग्णांविषयी लिहिलं, त्यामुळे याला ऑर्मंडचा आजार असंही म्हणतात. फिनलंडच्या २००४ च्या अभ्यासात लाखामागे सुमारे १.४ रुग्ण सापडले होते. बहुतेक रुग्ण ४० ते ६० वयाचे, आणि पुरुष बायकांच्या दुप्पट-तिप्पट.

बायोप्सी कशाला, या प्रश्नाचं उत्तर मात्र बाबांना समोर बसवून वाचून दाखवा. दोन-तृतीयांशांहून जास्त रुग्णांत ठोस कारण सापडत नाही, शरीराची प्रतिकारशक्तीच तिथे भरकटलेली असते. त्यांना स्टेरॉइड लागू पडतं. पण लिम्फोमासारखे कॅन्सर आणि टीबीसुद्धा स्कॅनवर हुबेहूब असं चित्र उभं करू शकतात. तुमच्या रिपोर्टमध्ये मूत्रवाहिन्या आत ओढल्या गेल्यात असं लिहिलंय, हे या आजाराला धरून आहे. कॅन्सरच्या गाठी बहुधा मूत्रवाहिन्यांना बाहेर ढकलतात आणि महाधमनीला कण्यापासून पुढे उचलतात. तरी नुसत्या चित्रावर मी कुणाला महिनोन्महिने स्टेरॉइड देणार नाही. बायोप्सीच्या तुकड्यावर टीबीची जीनएक्स्पर्ट तपासणी करायला सांगा, आणि आयजीजी४ (प्रतिकारशक्तीचं एक प्रथिन) साठीचं स्टेनिंगसुद्धा. स्टेरॉइडच्या आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची रक्ततपासणी व्हायला हवी. आपल्याकडे टीबी शरीरात निपचित पडून असलेले लोक इतके आहेत की ही पायरी गाळून चालणारच नाही. अजून एक: अर्धशिशीसाठी बाबा अर्गटच्या गोळ्या घ्यायचे का, तेही डॉक्टरांना सांगा. त्यांचा या आजाराशी संबंध जुना आहे.

आणि स्टेंट. स्टेंटने किडनी वाचली, आजार जिथल्या तिथे आहे. बाहेरचा थर तसाच आहे, आतून नळी असल्यामुळे फक्त रस्ता बंद होत नाही. युरोलॉजिस्टने पहिलं काम केलं. पुढचं औषधांचं काम संधिवाततज्ज्ञ किंवा मूत्रपिंडतज्ज्ञ करतात. नाव संधिवाताचं असलं तरी प्रतिकारशक्तीचे आजार तेच बघतात.

खाडीकाठ | १० जून, रात्री १०:०५

चाफाताई, माझ्या मोठ्या भावाला हाच आजार आहे, पाच वर्षं झाली. आम्ही कोपरीला राहतो. डॉक्टरांनी वर बरंच सांगितलं आहे, मी फक्त आमची झालेली चूक सांगतो.

दादाला डाव्या बाजूला स्टेंट टाकला होता. घरी सोडताना कागद दिला, त्यात बारीक अक्षरांत "तीन महिन्यांनी स्टेंट बदलणे" असं होतं. तोंडी कुणी सांगितलं नाही, सांगितलं असलं तरी त्या गडबडीत आमच्या कानात शिरलं नाही. दादा ठणठणीत झाला. गोळ्या आणल्या, दोन महिने घेतल्या, तोंड सुजायला लागलं म्हणून आपल्या मनाने बंद केल्या. त्यातच लॉकडाऊन. दादा म्हणायचा, "आता बरं आहे, हॉस्पिटलात जाऊन नवीन काही घेऊन यायला नको." वर्ष कधी उलटलं कळलं नाही.

चौदाव्या महिन्यात थंडी वाजून ताप आला, लघवी गढूळ. एक्स-रे काढला तर स्टेंटच्या दोन्ही वळणांवर खडे जमलेले, वरचं टोक तर पांढऱ्या लिंबाएवढं. साधी दहा मिनिटांत निघणारी नळी काढायला तीन ऑपरेशनं लागली. आधी खालचे खडे फोडले, मग पाठीतून भोक पाडून वरचे. मधल्या काळात आजार उजवीकडेही सरकला होता. डावी किडनी आता १८ टक्केच काम करते.

माझी हात जोडून विनंती आहे, स्टेंट कधी टाकला आणि कधी बदलायचा ही तारीख आज, आत्ता, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. फोनमध्ये टाका. शेजारच्यांनाही सांगून ठेवा.

चाफा_ऐरोली | १० जून, रात्री ११:३०

खाडीकाठदादा, तुमचा प्रतिसाद वाचून उठले आणि डिस्चार्ज कार्ड काढलं. आहे, आमच्याही कार्डावर शेवटच्या ओळीत आहे. १ जूनला टाकलेत, ३ महिन्यांनी दाखवायला सांगितलंय. कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलं.

डॉक्टर, तुमचं लिहिलेलं बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे पाइप आतून तुंबला नाही. बाहेरून कुणीतरी एम-सील थापलंय." सोमवारी कामावर जात नाहीयेत.

सीवूड्सकर | ११ जून, सकाळी ११:२०

मी स्वतः रुग्ण आहे, वय ४९. माझ्याकडे सुरुवात जबड्याखालच्या गाठींपासून झाली. दोन्ही बाजूंच्या लाळग्रंथी सुजल्या होत्या, दुखत नव्हत्या. वर्षभर दातांच्या डॉक्टरांकडे फेऱ्या. पुढे पोटात हे निघालं आणि दोन्हींचं मूळ एकच निघालं, आयजीजी४ चा आजार. रक्तात आयजीजी४ वाढलेलं होतं. पण ते रक्तात वाढलेलं नसलं तरी आजार असू शकतो, असं मला माझ्या डॉक्टरांनी समजावलं. शेवटी तुकडाच खरं बोलतो.

स्टेरॉइडने महिन्यात चमत्कार वाटावा असा फरक पडला, पण डोस कमी केला की परत. दोनदा असं झाल्यावर रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती आवरणारं औषध दिलं. ते देण्याआधी हिपॅटायटिस बी तपासतात, तेवढं लक्षात ठेवा. आता दोन वर्षं शांत आहे.

स्टेंट असताना बाबांना लघवीच्या वेळी कंबरेत कळ येईल, सारखं जावंसं वाटेल, जास्त चाललं तर लघवी लालसर होईल. मी पहिल्यांदा लाल बघून घाबरून रडले होते. पाणी वाढवलं की बहुतेक वेळा निवळतं. ताप आला, किंवा लघवीत रक्ताच्या गुठळ्या दिसल्या, तर मात्र थांबू नका. त्या सारख्या लागणाऱ्या घाईवर गोळी मिळते, विचारा. मी तीन महिने उगाच सोसलं.

चाफा_ऐरोली | २९ जून, संध्याकाळी ६:१०

बायोप्सीचा निकाल आला. कॅन्सर नाही! टीबी नाही. आयजीजी४ च्या पेशीही फारशा नाहीत. स्लाइड परळला टाटामध्येही दाखवून घेतल्या, तिथेही तेच मत पडलं. आई देवापुढे बराच वेळ बसून होती.

परवापासून प्रेडनिसोलोन ५० मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्यानंतर. महिन्याने कमी करत नेणार, एकूण आठ-नऊ महिने म्हणाले.

एक गोष्ट विचारायची आहे. नव्या डॉक्टरांनी बाबांना कामाविषयी खोदून खोदून विचारलं. बाबा आधीच्या नोकरीत वीस वर्षं स्टीमच्या पाइपांवर होते. तेव्हा अॅस्बेस्टॉसचा दोर गुंडाळायचे, त्याच्या शीटचे गॅस्केट हाताने कापायचे. संध्याकाळी घरी आले की शर्ट झटकायचे, तो बाल्कनीतला पांढरा भुगा मला आठवतो. शिवाय विडी होती, दहा वर्षांपूर्वी सुटली. याचा खरंच संबंध असतो?

पारसिक | २९ जून, रात्री ९:३०

निकाल वाचून फार बरं वाटलं.

संबंध आढळलेला आहे. फिनलंडच्या ज्या अभ्यासाचा मी उल्लेख केला, त्यातच अॅस्बेस्टॉसशी संपर्क आलेल्यांत हा आजार जास्त दिसला. पुढे इटलीत पार्माच्या गटाने धूम्रपानही तपासलं. तिथे दोन्ही गोष्टी एकत्र असतील तर धोका आणखी वाढलेला दिसला. बाबांच्या बाबतीत हेच कारण होतं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण कामाचा इतिहास केसपेपरवर लिहून घ्या. छातीचा एक्स-रेसुद्धा त्या नजरेने वाचून घ्या, कारण अॅस्बेस्टॉसचे खरे घाव फुप्फुसाच्या आवरणावर पडतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यात बाबांच्या पिढीतले असे कितीतरी फिटर आणि लॅगिंगवाले (पाइपांना आवरण गुंडाळणारे) आहेत. त्यांची "जुनी कंबर" एकदा सोनोग्राफीने बघायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

पार्माच्याच डॉक्टरांनी २०११ मध्ये अजून एक महत्त्वाचा अभ्यास केला. सगळ्यांना महिनाभर स्टेरॉइड दिलं. ज्यांना गुण आला त्यांच्यापैकी १८ जणांना पुढे स्टेरॉइडच कमी करत चालू ठेवलं आणि १८ जणांना टॅमॉक्सिफेन. उपचार संपेपर्यंत स्टेरॉइडवाल्यांत एकाचा आजार उलटला, टॅमॉक्सिफेनवाल्यांत सात जणांचा. म्हणून आपण स्टेरॉइडने सुरुवात करतो. ते ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी टॅमॉक्सिफेन, मेथोट्रेक्सेट, मायकोफेनोलेट आहेत. एवढं करून मूत्रवाहिनी सुटलीच नाही, तर ऑपरेशन करून ती थरातून सोडवतात आणि पोटातल्या चरबीच्या पदराने लपेटतात, म्हणजे पुन्हा चिकटत नाही.

दादांसारखं मध्येच गोळ्या बंद करणं नको, त्याने आजार तर उलटतोच, शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं, त्यामुळे जीवावरही बेतू शकतं. आणि साखर फक्त उपाशीपोटी तपासून फसू नका. सकाळच्या गोळीने ती दुपारी-संध्याकाळी चढते. जेवणानंतरची बघा.

घोडबंदर_जया | ३० जून, सकाळी ८:००

खर्चाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. रेशनकार्ड घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलात महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्रांना आधी भेटा. काय बसतं, काय नाही, ते ऑपरेशनची तारीख ठरायच्या आधी विचारायचं. नंतर विचारून उपयोग नाही. बाबा नोकरीत आहेत तर ईएसआयचंही (कामगार विमा) बघा.

चाफा_ऐरोली | १८ जुलै, पहाटे ४:२०

आत्ता जागी आहे कारण बाबा जागे आहेत. तीन वाजता उठतात आणि काम काढतात. आज पितळेची सगळी भांडी चिंचेने घासून ओट्यावर ओळीने मांडून ठेवली आहेत. काल मिक्सर उघडून बसले होते. चेहरा गोल झालाय, आरशात बघून गप्प झाले. जेवणानंतरची साखर २८४ निघाली, उपाशीपोटी ९८ होती. डॉक्टर, तुमच्यामुळे कळलं. औषध सुरू झालं आहे.

पण कंबर? आठव्या दिवशी कंबर दुखायची थांबली. आठ महिन्यांत पहिल्यांदा बाबा उताणे झोपले. आईने मला बोलावून दाखवलं.

सीवूड्सकर | १८ जुलै, सकाळी ९:४५

चेहरा पूर्ववत होतो हो, बाबांना नक्की सांगा. माझा डोस कमी झाल्यावर काही महिन्यांत उतरला. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व चालू आहे ना? आणि मीठ हात राखून.

चाफा_ऐरोली | ५ सप्टेंबर, रात्री १०:१५

स्टेंट १ तारखेला बदलले, ठरल्या दिवशी. पाऊस धो धो होता आणि गाड्या उशिराने, तरी बाबा म्हणाले तारीख चुकवायची नाही. एमआरआयमध्ये २२ चा थर ९ मिमी झाला आहे. ईएसआर १८, क्रिएटिनिन १.४. गोळी २० वर आली.

खाडीकाठ | ५ सप्टेंबर, रात्री १०:४०

दादाला वाचून दाखवलं. त्याचे डोळे भरून आले.

पारसिक | ६ सप्टेंबर, सकाळी ७:५०

उत्तम. थर शून्यावर येईलच असं नाही, थोडा व्रण कायमचा राहू शकतो. तो शांत आहे की धुमसतोय हे ईएसआर, सीआरपी (दाहाचीच दुसरी रक्ततपासणी) आणि गरज पडली तर पेट स्कॅन सांगतं. त्या उरलेल्या मिलिमीटरची धास्ती घेऊ नका. सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन मात्र पुढची काही वर्षं चालू ठेवायचंय, कारण हा आजार उलटतो तेव्हा बऱ्याचदा दुखतही नाही.

चाफा_ऐरोली | २१ डिसेंबर, रात्री ९:००

उजवा स्टेंट नोव्हेंबरात काढला. दोन आठवड्यांनी सोनोग्राफीत किडनी फुगलेली नव्हती, म्हणून परवा डावाही काढला. गोळी ७.५ वर आहे. वजन ६८. पुढच्या सोनोग्राफीची तारीख नव्या कॅलेंडरवर या वेळी बाबांनी स्वतः लिहिली, लाल पेन मागून घेऊन.

कळवा_स्मिता | २२ डिसेंबर, दुपारी १:३०

सगळा धागा एका दमात वाचला. माझ्या मोठ्या दिरांना काल हेच निदान सांगितलं, एका बाजूला स्टेंट टाकला आहे. उद्या घरी सोडतायत. काय विचारू तेच सुचत नाहीये.

चाफा_ऐरोली | २२ डिसेंबर, दुपारी १:४५

स्मिताताई, डिस्चार्ज कार्डाची शेवटची ओळ आत्ता वाचा आणि तारीख मला इथे लिहून कळवा. बाकीचं आपण एकेक बघू.